ड्युअल बँड फिल्टर, मुलुंडची गच्ची आणि मेडुसा नेब्युला: काही महिन्यांचा अनुभव

पावसाळा संपून आकाश मोकळं झालं तेव्हापासून हा 7 नॅनोमीटरवाला ड्युअल बँड फिल्टर (हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) वापरतोय, कलर कॅमेरा आणि एफ/5 चा छोटा रिफ्रॅक्टर (भिंगांची दुर्बीण), आणि मुंबईतून प्लॅनेटरी नेब्युलांचे (मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगांचे) फोटो काढायचे असतील तर बिनधास्त घ्या. पण चंद्र नसलेल्या रात्री त्याच्यासाठी राखून ठेवायची तयारी हवी.

या नेब्युलांचा बराचसा प्रकाश वर्णपटाच्या मोजक्या रेषांत (ठरावीक तरंगलांबींवर) येतो, ऑक्सिजन-थ्री (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन) 495.9 आणि 500.7 नॅनोमीटरला, हायड्रोजन-अल्फा 656.3 ला. 1864 मध्ये विल्यम हगिन्सने कॅट्स आय नेब्युलात त्या हिरव्या रेषा पाहिल्या, पण त्या ऑक्सिजनच्या आहेत हे आयरा बोवेनने दाखवेपर्यंत 1927 साल उजाडलं! फोटोसाठी आपल्याला या मोजक्या रेषांचाच प्रकाश हवा असतो. आधी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा साधा लाइट पोल्युशन फिल्टर चालून जायचा, आता पांढरे एलईडी आलेत, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, तिथे असा अरुंद फिल्टरच लागतो.

खरी परीक्षा मेडुसा, म्हणजे एबेल 21, मिथुन राशीत. मुंबईतून जवळजवळ डोक्यावर येतो हे आपलं भाग्यच. माझ्या गच्चीवरून पूर्वेला ऐरोलीकडचा उजेड भयंकर, म्हणून तो चांगला वर आला की मगच सुरू करतो. 5 मिनिटांचा एक सब (एकटा फोटो) कितीही स्ट्रेच करा (अंधुक भाग उजळवा), नुसते तारे. पण बऱ्याच रात्रींचे मिळून दहा-बारा तासांचे सब स्टॅक केले (एकावर एक रचून एक फोटो केला) आणि एका बाजूने लाल धाग्यांची चंद्रकोर उमटली, तिच्या पोटात निळसर हिरवट धूसरपणा. तो धूसर भाग मिळवणं हेच खरं काम आहे, कारण चांदण्याचा सगळ्यात जास्त मार ऑक्सिजनला बसतो. पौर्णिमेच्या आसपास मी सरळ रोझेट नेब्युलाकडे वळतो, तिथे हायड्रोजन भरपूर.

प्रोसेसिंगला सिरिल हे सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि उत्तम आहे. त्यातल्या स्क्रिप्टने हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढा, मग ग्रॅक्सपर्ट (पार्श्वभूमीचा उजेड काढणारं सॉफ्टवेअर) दोन्हींवर वेगवेगळं चालवा, एकत्र करून नको, कारण दोन्हींचा ग्रेडियंट (पार्श्वभूमीच्या उजेडाचा चढउतार) अगदी वेगळा असतो आणि एकत्र केल्यावर फिका ऑक्सिजन बॅकग्राउंड समजून पुसला जाऊ शकतो. स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे काढून ऑक्सिजन हळूहळू स्ट्रेच करा, मग हायड्रोजन लाल रंगाला द्या, ऑक्सिजन हिरव्या-निळ्याला. ताऱ्यांचे रंग या फिल्टरमधून नीट येत नाहीत, ते मी फिल्टर काढून छोट्या एक्सपोजरने वेगळे घेतो आणि शेवटी वरून टाकतो.

तक्रार एकच, फ्रेममध्ये ठळक तारा आला की भोवती हेलो (उजेडाचं वलय) पडतो, काढायला वेळ जातो. दमट हवेत ड्यू हीटर (काचेवर दव बसू न देणारा) आणि डब्यात सिलिका जेल हवंच, काचेला बुरशी लागली की संपलं. देवयानी दीर्घिकेसारख्या गोष्टींसाठी हा फिल्टर घेऊ नका, तिथे ताऱ्यांचा अखंड वर्णपट असतो, त्यासाठी नेरळ-वांगणीचं काळोखं आकाशच गाठा. आणि हेलिक्स नेब्युलाचा विचार असेल तर ऑक्टोबर सोडू नका, युरोपवाल्यांना तो क्षितिजाजवळच मिळतो, आपल्याकडे 50 अंशांपर्यंत चढतो.