एका मराठी ब्लॉगची चार डोमेन: वर्षभराच्या वापरानंतर

पुण्यातल्या जुन्या हौदांवर मी ब्लॉग लिहिते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ बांधून पाणी शहरात आणलं, ते काळा हौद, बदामी हौद, फडके हौद अशा ठिकाणी साठायचं आणि लोक तिथून भरून न्यायचे, असा सगळा विषय. ब्लॉगचं नाव 'हौदकथा'. या एका नावासाठी मी चार डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, बाळगून आहे: रोमन अक्षरांतलं .इन, त्याच स्पेलिंगचं .कॉम, वेगळ्या स्पेलिंगचं आणखी एक .इन, आणि देवनागरीतलं .भारत. पहिल्या तिघांच्या नूतनीकरणाची बिलं नुकतीच भरली, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

चार कशाला, हे आधी सांगते. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायची आपल्याकडे एक अशी रीत नाही. हौद म्हणजे एच-ए-यू-डी की एच-ओ-यू-डी? फडके हौद चौकात दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहा, दोन्ही सापडतील. नाव ठरवताना मी यादीतला प्रत्येक शब्द या चाळणीतून घातला. 'जलवाट' छान होतं, पण 'वाट'ला व्ही की डब्ल्यू, यावर घरातच दोन तट पडले. ज्यात ळ किंवा ण आहे ते सगळं बाद, कारण रोमनमध्ये ळचा ल होतो आणि णचा न. ज्ञ तर विचारूच नका. आपण डी-एन-वाय-ए लिहितो, हिंदीवाले जी-वाय-ए, आणि बाहेरगावी शिकलेली आपली मुलं त्यांचंच बघून लिहितात. 'कथा' मात्र सगळे सारखंच लिहितात. म्हणजे नावातला अर्धा भाग तरी वादातून सुटला, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरं .इन घेऊन टाकलं. ते पहिल्याकडे वळवलेलं आहे. कुठलंही स्पेलिंग टाका, पोचाल तिथेच.

खरी परीक्षा फोनवर झाली. साताऱ्याच्या आत्याला पत्ता सांगत होते.

"आत्या, हौदकथा. सगळं जोडून, मग डॉट इन."
"अगं हो, पण औचं इंग्रजी काय करू?"
"तुम्हाला येईल ते करा."
"मी ओ-यू केलंय. उघडलं की!"

ज्यांना वाटतं की नाव दिसायला सुंदर असावं, त्यांनी एकदा ते फोनवर सांगून बघावं. पेठांमधली माहितीची माणसं बहुतेक साठीपुढची आहेत. त्यांना लिंक पाठवण्यापेक्षा नाव तोंडी सांगावं लागतं. म्हणून आडवी रेघ असलेलं नावही मी घेतलं नाही. "मध्ये डॅश" म्हटलं की समोरचा 'डॅश' हा शब्दच टाइप करतो. आकडेही नकोत. नियमाप्रमाणे एका भागात 63 अक्षरांपर्यंत चालतं, पण मला विचाराल तर बारा-पंधराच्या पुढे जाऊ नये.

घेण्याआधी आणखी एक काम केलं, त्याचा फायदा झाला. हौदकथेच्या आधी एक वेगळं नाव मनात होतं आणि ते मोकळंही होतं. वेबसाइटची जुनी रूपं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहिलं, तर काही वर्षांपूर्वी त्यावर जुगाराची साइट होती. अशा नावाला जुना वास चिकटलेला असतो. कुठे ते मेलच्या गाळणीत अडकतं, कुठे शोधात मागे राहतं. सोडून दिलं.

आता पैशांचं. जाहिरातीतला भाव पहिल्या वर्षाचा असतो, हे सगळ्यांना माहीत असूनही सगळे तोच बघतात. डॉटनंतर चित्रविचित्र शेपूट असलेली नावं पहिल्या वर्षी शे-दीडशेला मिळतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या कितीतरी पट मागतात. डोमेन विकणारं दुकान मी निवडलं ते नूतनीकरणाच्या दरावरून. .कॉमची नोंदवही व्हेरिसाइन नावाची अमेरिकन कंपनी सांभाळते आणि तिचा घाऊक दर वर्षाला दहा डॉलरच्या थोडा वर आहे. त्यावर विक्रेत्याचा नफा, मग 18 टक्के जीएसटी. डॉलर चढला की आपलं बिल चढतं. .इन आणि .भारत या दोन्हींची नोंदवही निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे आहे. ती इथलीच संस्था, त्यामुळे .इन मला स्वस्त पडलं. चारही मिळून वर्षाला चारेक हजार जातात. छंदाच्या मानाने जास्त आहेत, पण महिन्यातून दोनदा बाहेर जेवायला गेलं तरी एवढे उडतात.

पैसे भरताना टोपलीत ज्या वस्तू आपोआप येऊन बसतात, त्या एकेक करून काढाव्या लागतात: ईमेल, साइट बनवायचं यंत्र, 'सुरक्षा', प्रमाणपत्र. कुलपाच्या चिन्हासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट फुकट देतं. माझा ब्लॉग ब्लॉगरवर आहे आणि तिथे स्वतःचं डोमेन जोडलं की एचटीटीपीएस, म्हणजे ते कुलूपही, विनामूल्य मिळतं. त्यासाठी डोमेन कुठे न्यायचं हे सांगणाऱ्या दोन सी-नेम नोंदी विक्रेत्याच्या पानावर टाकायच्या. 'www' शिवायचा पत्ताही चालावा असं वाटत असेल तर चार ए नोंदी. मला हे तंत्र येत नव्हतं. मदतीचं पान समोर ठेवून एका दुपारी झालं. नोंदी इंटरनेटवर सगळीकडे पसरायला वेळ लागतो, तोपर्यंत पुन्हा पुन्हा नोंदी बदलत बसू नये, एवढंच.

गोपनीयतेबद्दल गैरसमज फार. .इनच्या नियमांत जाहीर नोंदीतलं मालकाचं नाव झाकणारी प्रॉक्सी सेवा चालत नाही, तेव्हा .इनवर कोणी ती विकत असेल तर नको म्हणा. .कॉमच्या बाबतीत 2018 मध्ये युरोपचा माहिती-गोपनीयतेचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक विक्रेते वैयक्तिक तपशील तसेही झाकतात. तरीही नोंदणी झाल्यावर "मॅडम, वेबसाइट बनवायची का?" असे फोन सुरू झालेच. इंदूरहून, नोएडाहून, एक तर चक्क हडपसरहून. नंबर कुठून मिळाला विचारलं की फोन बंद. डोमेनसाठी वेगळा ईमेल ठेवला होता, म्हणून निदान मेलचा कचरा एका जागी साचला. मात्र त्या ईमेलवर लक्ष ठेवावं लागतं. .कॉम घेतलं की पत्ता पडताळायला एक मेल येते. पंधरा दिवसांत त्यातल्या लिंकवर टिचकी मारली नाही तर डोमेन बंद पाडतात. माझी मेल स्पॅममध्ये जाऊन बसली होती.

विक्रेत्याबद्दल एक तक्रार आहे, नाव घेत नाही. .कॉम ज्याच्याकडून घेतलं, त्याने पुढच्या वर्षाचा दर मधेच वाढवला, म्हणून हलवायचं ठरवलं. नव्या नावाला पहिले 60 दिवस हलवता येत नाही, ते कधीच उलटले होते. पण हलवायला जो सांकेतिक कोड लागतो, तो त्यांच्या पानावर असा दडवला होता की शेवटी चॅटवर भांडून घ्यावा लागला. दुसरीकडे गेल्यावर मुदतीत एक वर्ष वाढून मिळतं, तेव्हा दिलेले पैसे वाया गेले नाहीत. नवं दुकान साधं आहे, पान जुनाट दिसतं, पण कोड मागावा लागत नाही.

आणि मालकी स्वतःच्या नावावरच असू द्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या ओळखीच्या एका क्लासचं डोमेन साइट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, नूतनीकरणाच्या मेल त्याच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहिल्या. .कॉमला मुदत संपल्यावर विक्रेत्यानुसार काही सवलतीचे दिवस मिळतात, त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, शेवटी पाच दिवस काहीच करता येत नाही आणि मग नाव बाजारात येतं. त्यांचं नाव आता एका दलालाकडे आहे आणि तो सांगेल तो भाव.

.भारतबद्दल मात्र मन दोन्हीकडे जातं. देवनागरी .भारत 2014 मध्ये सुरू झालं, त्यात हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी सगळ्यांची सोय आहे, आणि भारतीय लिप्यांच्या या नियमांच्या कामात आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा हात आहे. पुणेकर म्हणून एवढा अभिमान मिरवायला मिळतो. पत्रिकेवर, फलकावर 'हौदकथा.भारत' झकास दिसतं, स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही. अडचण पुढे येते. डोमेनची यंत्रणा आतून फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ ओळखते, म्हणून देवनागरीचं तिथे सांकेतिक रूप होतं. नुसतं '.भारत' आतमध्ये 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि 'एच2बीआरजे9सी' असं असतं. ब्राउझरमधून पत्ता उचलून मेसेजमध्ये चिकटवला की पुष्कळदा हेच रूप उमटतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच कोणीतरी लिहितं, "उघडू नका, व्हायरस आहे." काही ठिकाणी देवनागरी पत्त्याची निळी लिंकच होत नाही. फॉर्म तो पत्ता नाकारतात. हिंदी कळफलक असलेल्यांचा टिंबाऐवजी दंड (।) पडतो आणि पान उघडण्याऐवजी शोध सुरू होतो.

म्हणून मुख्य पत्ता .इनच, बाकी तिघं त्याकडे वळवलेले. .कॉम सवयीने टाइप करणाऱ्यांसाठी राखलंय आणि तेच सगळ्यांत महाग पडतं. पुढच्या वेळी दर आणखी चढला तर पहिली कात्री त्याला. ओ-यू वालं .इन अजिबात सोडणार नाही, आत्यांसारखे बरेच आहेत. .भारतची मुदत पावसाळ्यानंतर संपते. तेही वाढवणार, पण एकाच वर्षासाठी, आणि फक्त छापील पत्रकांसाठी.