डब्यावर लिहिलं होतं ‘लाइट लोड’

सातशे डॉलरचं पिस्तूल आणि साठ डॉलरची काडतुसं. ह्यूस्टनजवळच्या एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारात, रोख मोजले, पावती मागितली नाही. चूक क्रमांक एक.

पिस्तूल म्हणजे वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर. १९१५ साली ब्रिटिश सैन्यात दाखल झालेलं, मधोमध मोडून उघडणारं. त्याचं मूळ काडतूस .४५५चं. विकणारा साठीचा, गोड बोलणारा. म्हणाला, “अस्सल आहे, कुणी हात लावलेला नाही.” वर ‘खास वेब्लीसाठी हलकी भरलेली’ .४५ एसीपीची, म्हणजे अमेरिकन पिस्तुलाच्या वेगळ्या मापाची, दोन डबे काडतुसं दिली, ती धरून ठेवणाऱ्या अर्धचंद्री क्लिपांसकट. झाकणावर मार्करने लिहिलं होतं, ‘वेब्ली, लाइट लोड’. अस्सल .४५५ असेल, तर त्यात .४५ एसीपी बसतंच कसं, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. आता लिहिताना स्वतःचंच हसू येतं.

रेंजवर सहा गोळ्या झाडल्या. झटका ‘हलका’ मुळीच नव्हता. सहाव्या गोळीला तर मनगट झिणझिणलं. तरी मी आणखी सहा भरणारच होतो, पण शेजारच्या लेनवाल्याने सहज विचारलं, “सिलिंडर घासलेला आहे का?” सिलिंडर म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग.

संध्याकाळी आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या काकांकडे गेलो. पिंपरीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, इथे छंद म्हणून काडतुसं स्वतः भरतो. “झाकणावरचं वाचू नकोस, वजनकाटा काढ,” एवढंच म्हणाले. गॅरेजमध्ये टेबलावर पांढरा कागद अंथरला. प्लास्टिकच्या हातोडीसारखा बुलेट पुलर घेऊन काका दोनतीनदा आपटायचे, की बुलेट आणि बंदुकीची दारू दोन्ही त्याच्या पोटात सुटून पडायची. मी वजन लिहून घेत होतो.

दहा काडतुसं फोडली. बुलेट तांब्याच्या आवरणाच्या, २३० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), म्हणजे नेहमीच्या .४५ एसीपीच्याच. वेब्लीच्या मूळ काडतुसाची बुलेट २६५ ग्रेनची, नुसत्या शिशाची. दारू तर बघण्यासारखी होती. सात काडतुसांत चपट्या पापुद्र्यांची, तीनमध्ये बारीक दाण्यांची. सगळ्यात हलक्या आणि जड भरण्यात दीड ग्रेनचा फरक. दीड ग्रेन म्हणजे जेमतेम एक दशांश ग्रॅम, चिमटीतून सांडावी एवढी. पण जलद जळणाऱ्या दारूच्या पिस्तुली काडतुसात मुळात भरतातच चार-पाच ग्रेन, त्यात दीडचा फरक म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. रंगारूपावरून दारू ओळखायची नसते, हे काकांनी दोनदा सांगितलं. थोडक्यात, कुणीतरी इकडूनतिकडून गोळा केलेली काडतुसं पिशवीतून डब्यात ओतली होती.

खरा हिशोब असा. .४५ एसीपीची अमेरिकन मानकातली कमाल दाबमर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) आणि .४५५ची सुमारे १३,०००. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलेल्या बऱ्याच वेब्लींचे सिलिंडर मागून घासले गेले, कारण .४५५ दुर्मिळ आणि .४५ मुबलक. घासल्यावर काडतूस बसतं, पोलाद मात्र पूर्वीचंच राहतं.

‘हलकं’ म्हणजे सुरक्षित, हेही काकांनी मोडीत काढलं. दारू फार कमी पडली, तर बुलेट नळीतच अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळून नळी फुगवते. म्हणून काडतुसं भरायच्या मॅन्युअलमध्ये त्या दारूसाठी, त्या बुलेटसाठी दिलेल्या आकड्याच्या वरही जायचं नाही आणि खालीही नाही. उघड्या बरणीतली दारू कुणी दिली, तर ती वापरायची नाही, मग लेबल कितीही नवं असो.

दुसऱ्या दिवशी गनस्मिथने कॅलिपर लावून सिलिंडर घासल्याचं दाखवलं. नवे तडे नव्हते, हे नशीब. किंमत त्याने जवळपास निम्मी सांगितली. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणाला, “तू बघूनच घेतलंस ना?” आणि ठेवला.

पुढच्या महिन्याच्या शोमध्ये त्याचं टेबल त्याच कोपऱ्यात होतं. झाकणं तशीच, अक्षरही तेच. एक पंचविशीतला मुलगा डबा हातात घेऊन उभा होता. मी जवळ जाऊन विचारलं, “यात कुठली दारू आहे, किती ग्रेन, आणि भरली कधी?” मुलाने डबा उलटापालटा केला आणि विक्रेत्याकडे पाहिलं. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं.

मुलाने डबा खाली ठेवला.