जीमेलचे फिल्टर : वर्षभर वापरून झाल्यावर

अमळनेरला माझं हिशेब आणि जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. चोपड्याच्या जिनिंगपासून जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यापर्यंत साठेक पार्ट्या, आणि सगळ्यांचे मेल एकाच जीमेलवर. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी, अशी जीएसटीची विवरणपत्रं भरायची मुदत. त्या आठवड्यांत इनबॉक्स उघडायचीच भीती वाटायची.

मागच्या वर्षी त्या चटईवाल्यांना जीएसटी नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली. अशा नोटिशीला उत्तर द्यायला सात कामाचे दिवस मिळतात. मेल माझ्याकडे वेळेवर आला होता, पण बँकांच्या आणि कर्जाच्या जाहिरातींखाली गाडला गेला. मी तो पाहिला तेव्हा मुदत उलटली होती. रद्द झालेली नोंदणी पुन्हा चालू होईपर्यंत त्यांचा तयार माल गोदामात पडून राहिला. ते मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्याच आठवड्यात मी फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं हे सांगणारे नियम, शिकायला बसले.

जीमेलमध्ये खरं तर फोल्डर नसतात, लेबल असतात. हे आधी समजून घ्या. कपाटातली फाइल एकाच कप्प्यात राहते. इथे एकाच मेलवर ‘चटई’, ‘खरेदी बिल’ आणि ‘मार्च’ अशी तीन लेबलं लावता येतात आणि तो तिन्हीकडे सापडतो. नावं मराठीत ठेवता येतात, रंगही देता येतो. माझ्यासारख्या कामाला ही पद्धत फोल्डरपेक्षा कितीतरी चांगली.

फिल्टर करायचा तर वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर क्लिक करायचं, पाठवणाऱ्याचा पत्ता किंवा विषयातला शब्द भरायचा आणि ‘क्रिएट फिल्टर’ करायचं. मग त्या मेलचं काय करायचं, ते खुणा करून सांगायचं. त्याच पानावर जुन्या जुळणाऱ्या मेलनाही फिल्टर लावायची खूण असते, ती विसरू नका. मी ती केली आणि कित्येक वर्षांचे मेल थोड्या वेळात जागच्या जागी गेले.

पहिल्या महिन्यात मी चुकले. ‘स्टेटमेंट’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल थेट बँकेच्या लेबलखाली, वाचलेला म्हणून खूण होऊन जावा, असा नियम केला. धरणगावच्या एका पार्टीने खात्याचं स्टेटमेंट जोडून ‘ताई, आजच बघा’ असं लिहिलं होतं. तो मेलही तिकडेच गेला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, ‘ताई, मना मेल भेटना का?’ तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी शब्दावर फिल्टर करत नाही, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर करते. आणि ज्याला मुदत आहे असा कोणताही मेल इनबॉक्समधून बाहेर काढत नाही. ‘स्किप द इनबॉक्स’ ही खूण फक्त जाहिराती, पावत्या आणि वर्तमानपत्रवजा मेलसाठी. ओटीपीलाही ती लावू नका, घाईच्या वेळी तोच शोधावा लागतो.

नोटिशींसाठी वेगळा फिल्टर केला. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं ‘जीएसटी डॉट जीओव्ही डॉट इन’ इंग्रजी अक्षरांत टाकलं, लाल लेबल दिलं, तारा लावला आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ची खूण केली. ही खूण मात्र जपून वापरावी. जीएसटी खात्याचं नाव लावून खोटे मेल येतात, म्हणून नावावर फिल्टर करू नका, पत्ता पूर्ण तपासूनच करा. स्पॅममधला मेल 30 दिवसांनी आपोआप पुसला जातो, तेव्हा आठवड्यातून एकदा तिथेही डोकवा.

मला सर्वांत आवडलेली सोय वेगळीच आहे. आपल्या पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच येतो. मी पार्ट्यांना बिलांसाठी असा जोडपत्ता दिला आणि त्यावर येणाऱ्या सगळ्याला ‘बिल’ लेबल लावलं. काही वेबसाइटच्या अर्जात मात्र अधिकचं चिन्ह चालत नाही.

एक मोठी उणीव आहे. जीमेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही, कॉम्प्युटरच लागतो. आमच्याकडचे निम्मे व्यापारी सगळा कारभार फोनवरच करतात, त्यांनी काय करायचं? जीमेलने इतक्या वर्षांत हे द्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. दुसरं, नियमांना क्रम नसतो. एकाच मेलला दोन फिल्टर जुळले तर दोन्ही लागतात, त्यामुळे नवा नियम करताना जुने एकदा वाचून घ्यावे लागतात.

मागच्या महिन्यात धुळ्याला हेच काम करणारी माझी मैत्रीण आली होती. सेटिंगमधून माझे 34 फिल्टर एक्सपोर्ट करून मी तिला पेनड्राइव्हवर दिले. तिने घरी जाऊन ते इम्पोर्ट केले, पत्ते बदलले, आणि रात्री फोन करून पहिलं विचारलं ते लाल लेबलचं.