केसांना मेंदी की काळी मेंदी?

नाव एक, पण वस्तू दोन. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरतं आणि तांबूस रंग देतं. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, दोन-तीन तास डोक्यावर ठेवा, एवढा खटाटोप असतो. पांढऱ्या केसांवर रंग केशरी दिसतो, हेही खरं. ॲलर्जी मात्र क्वचितच होते.

पुडीतली ‘काळी मेंदी’ अर्ध्या तासात केस काळेभोर करते, कारण तिच्यात बहुतेकदा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन असतं. माझ्या मावशीने ती कित्येक वर्षं लावली, काही झालं नाही. एका दिवाळीत मात्र दुसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला, कानामागे खाज सुटली, तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. “इतकी वर्षं लावतेय गं, आजच कसं?” हा तिचा प्रश्न. ॲलर्जी अशीच येते: शरीर आधी त्या रसायनाची ओळख करून घेतं आणि मग कधीतरी भडकतं. एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुढच्या वेळी त्रास आणखी वाढू शकतो.

माझं मत साध्या मेंदीला, पण पुडीवरचे घटक वाचूनच. डायच हवा असेल तर दर वेळी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबा. लहान मुलांच्या हातावर काळी मेंदी काढूच नका.