खाऱ्या वाऱ्यातली ऑफ-रोड गाडी: 14 महिने, 16,200 किलोमीटर

गेल्या वर्षी मे महिन्यात ही मोटरसायकल घेतली. 200 सीसी, पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची स्पोकची चाकं. राहायला गुहागरजवळ. कलमांची बाग सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर आहे आणि तिथे जायला चार किलोमीटर जांभ्याची कच्ची वाट, जिचा पावसात ओहोळ होतो. शिवाय आठवड्यातून एकदा धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ आणि पुढे दापोली. चालवायला गाडी उत्तम आहे, पण मला लिहायचंय ते गंजाबद्दल आणि सर्व्हिसिंगच्या खर्चाबद्दल. समुद्राकाठी राहणाऱ्याला गाडी घेताना हे कोणी सांगत नाही.

मला धास्ती होती लाल चिखलाची. तो पाण्याने निघतो. मीठ मात्र दिसत नाही, आणि ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे वरून कोरडं वाटणारं लोखंडही आतून ओलंच राहतं. पहिल्याच जुलैत स्पोकच्या निपलवर (स्पोक रिमला आवळणारा छोटा नट), साइड स्टँडच्या स्प्रिंगवर आणि सायलेन्सरच्या बेंड पाइपच्या वेल्डिंगवर गंज चढला.

त्यात माझी एक मोठी चूक झाली. दर आठवड्याला वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशर गनने गाडी धुवायचो. गाडी चकाचक दिसायची, पण तेवढ्या जोराचं पाणी बेअरिंगच्या रबरी सीलच्या आत शिरतं आणि बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं. 11,000 किलोमीटरला मागून कर्रकर्र आवाज यायला लागला. सर्व्हिस सेंटरवाले दोनदा म्हणाले, काही नाही, ग्रीस मारलंय. शेवटी चिपळूणच्या एका मेकॅनिकने माझ्यासमोर मागच्या शॉकअपचं लिंकेज, म्हणजे शॉकअपला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणारा सांधा, उघडलं. बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागला. बेअरिंगमधले सुईसारखे बारीक रोलर निघाले ते लाल भुग्यात रुतलेले, काहींचे तर तुकडे झालेले. तळहातावर घेतल्यावर ओली वीट कुस्करावी तसा भुगा बोटांना लागला. बेअरिंग, बुश, सील, बोल्ट आणि मजुरी मिळून बिल 7,900 रुपये.

राग खर्चाचा नाही आला. तिन्ही फ्री सर्व्हिसिंगमध्ये हे लिंकेज एकदाही उघडलं नव्हतं, त्याचा आला. (फ्री म्हणजे फक्त मजुरी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात.) आता जॉब कार्डावर मी स्वतः लिहून घेतो: लिंकेज, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि कोनसेट (हँडलचं बेअरिंग) उघडून ग्रीस करणे. मजुरी जास्त पडते, पण ती 7,900 पेक्षा खूपच कमी आहे.

घरी काय करतो तेही सांगतो. फेरीबोटीने आलो की त्याच संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, गोड्या पाण्याने साध्या होजपाइपने धुतो. इंजिनखालच्या पत्र्याच्या आत आणि मागच्या मडगार्डखाली आधी पाणी मारायचं, कारण चिखल आणि मीठ तिथेच साचून राहतं. मग एक छोटी चक्कर, म्हणजे पाणी निथळतं आणि ब्रेकही सुकतात. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर अजिबात टाकू नका, आत घाम धरतो.

चेन पावसाळ्यात दर 300 किलोमीटरला, एरवी 500 ला. रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, चेनमधल्या ओ-रिंग (बारीक रबरी कड्या) खराब होतात आणि मग आतलं ग्रीस टिकत नाही. पुसून घ्यायची, 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसताना बोट जातं, कृपा करून हे करू नका.

नटबोल्ट आणि स्पोकच्या निपलवर तेलाचं फडकं फिरवतो, पण ब्रेकच्या डिस्कला तेलाचा हातही लागू देत नाही. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली. बेंड पाइपचा गंज पॉलिश पेपरने घासून उष्णतेला टिकणारा काळा रंग मारला होता, तो सहा महिन्यांत वेल्डिंगपाशी परत सुटला. त्यावर कायमचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

गेल्या रविवारी लिंकेज पुन्हा उघडून घेतलं. उजवीकडचं ग्रीस अजून मधासारखं होतं, डावीकडचं मात्र राखाडी झालेलं, म्हणजे पाणी शिरलंय. रोलर सगळे शाबूत निघाले. डावीकडचं सील बदललं आणि ग्रीस भरून बोल्ट आवळला.