कापडी बुके, नऊ महिन्यांनंतर

बुके बायकोचा, पण गेले नऊ महिने तो पुसतोय मी. तेव्हा अनुभव लिहायचा हक्कही माझाच.

लग्नात हातात धरायला खऱ्या फुलांऐवजी कृत्रिम फुलं घ्यायची, हे आम्ही हौसेनं ठरवलं नव्हतं. तिला परागकणांचा त्रास होतो. फुलांच्या दुकानात पाच मिनिटं उभी राहिली की शिंका सुरू होतात, डोळे लाल होतात. नाक पुसणारी नवरी प्रत्येक फोटोत कोणाला हवी? घरातल्या एक-दोघांनी ‘लग्नात नकली फुलं?’ म्हणून भुवया उंचावल्या. १८४० साली व्हिक्टोरिया राणीनं लग्नात संत्र्याच्या मोहोराचा मुकुट घातला आणि पुढे युरोपात त्या मोहोराची मेणाची नक्कल नवरीच्या डोक्यावर सर्रास दिसू लागली, हे मी त्यांना ऐकवलं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही, पण मला बरं वाटलं.

सगळा वेळ गेला तो कशाची फुलं घ्यायची यात. ‘सिल्कची फुलं’ म्हणून जे विकतात त्यात रेशमाचा धागाही नसतो. ते पॉलिएस्टर असतं, नाव तेवढं जुनं चिकटून राहिलंय. हाताला सगळ्यात खरी लागतात ती ‘रिअल टच’ फुलं. पाकळी गार, किंचित ओलसर, जाडीही बरोबर. आम्ही हरखलोच. पण हिला रबरी हातमोजे घातले की मनगटाशी पुरळ उठतं, आणि या फुलांपैकी बऱ्याच फुलांवर लेटेक्सचा, म्हणजे त्याच रबराच्या चिकाचा थर असतो. परागकणांपासून पळालो आणि रबरात सापडलो. पॉलियुरेथेनचा थर दिलेली फुलंही ‘रिअल टच’ याच नावानं मिळतात आणि त्यांत लेटेक्स नसतं. पण आपल्याकडची कोणती आहेत, हे विक्रेत्याला सांगता येईना. ‘इम्पोर्टेड माल आहे’ एवढंच उत्तर मिळालं. सोडून दिलं. ते बरंच झालं म्हणा, कारण माझ्या मामेबहिणीकडे जुनी लेटेक्सची ऑर्किड्स आहेत. ती आता पिवळट पडलीत आणि बोट लावलं की चिकटतं. त्या चिकटपणावर बसलेली धूळ कशानंच निघत नाही.

फोमचे गुलाब लांबून गोड दिसतात. पण पाकळीवर शीर नाही, रंगात चढउतार नाही, एका साच्यातून पडलेली पन्नास बाळं. कागदाची आणि शोला या पाणथळ जागी वाढणाऱ्या झाडाच्या गराची फुलं मला मनापासून आवडली. हलकी, रंग छान पितात, आणि वापर संपल्यावर मातीत जिरतात. ओलावा मात्र त्यांना अजिबात सोसत नाही, आणि आमचा समारंभ उघड्यावर होता. राहिलं पॉलिएस्टर.

पहिला बुके फोटो पाहून मागवला. आला तो चपटा होऊन. खोक्यात इतका दाबून भरला होता की पिओनीची फुलं पुस्तकात वाळवल्यासारखी दिसत होती. वाफेनं ती बरीच सावरली. पॉलिएस्टर साधारण ७० अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि निवताना दिलेला आकार धरून ठेवतं, म्हणून चुरगळलेली पाकळी वाफेवर धरून बोटानं वळवली की सरळ होते. हात लांब ठेवा, वाफ भाजते. त्याच उत्साहात मी मधल्या फोमच्या कळीलाही वाफ दिली आणि तिचा मनुका झाला.

पण त्या बुकेचा खरा दोष पानांत होता. तेव्हा कळलं की आपण फुलंच निरखत बसतो आणि नकलीपणा उघडा पडतो तो पानांवर, देठांवर आणि मुठीवर. पानं गडद हिरवी, दोन्ही बाजूंनी एकसारखी चकचकीत, कडेला साच्याची शिवण. खऱ्या पानाची मागची बाजू फिकट असते. देठ म्हणजे तारेवर चढवलेलं पोपटी प्लास्टिक. आणि मूठ तर हाताच्या मानानं इतकी बारीक की हिच्या हातात तो बुके झटकणीसारखा दिसत होता. परत पाठवला. पैसे मिळायला बरीच पत्रापत्री करावी लागली, ती जाऊ द्या.

दुसरा आम्ही प्रत्यक्ष हातात घेऊन निवडला आणि तोच हा नऊ महिन्यांचा. क्रीम रंगाच्या पिओनी, फिकट गुलाबी गुलाब, थोडी हायड्रेंजिया, काही अर्धवट उमललेल्या कळ्या. पिओनी आणि हायड्रेंजियाची पाकळी मुळातच पातळ, कागदासारखी, त्यामुळे कापडात ती छान जमते. लिली जमत नाही. तिची पाकळी जाड आणि रसरशीत, कापडात ती रुमालाची घडी वाटते. जिप्सोफिलाचे बारीक पांढरे ठिपके प्लास्टिकमध्ये कुठेही घेऊ नका, भांडी घासायची जाळी बरी.

निवडताना केलेल्या दोन-तीन गोष्टी फार कामाला आल्या. हायड्रेंजियाबरोबर आधी गडद लाल बेरी होत्या. ओल्या पांढऱ्या रुमालानं त्या हलकेच पुसल्या तर रुमाल गुलाबी झाला. पांढऱ्या पोशाखावर, घामेजल्या हातांत ते काय झालं असतं! बेरी तिथेच काढायला लावल्या. पाकळ्यांच्या कडा नखानं खरवडून पाहिल्या. ज्या कापडाची कड उष्णतेनं बंद केलेली असते तिचे दोरे सुटत नाहीत, नुसती कापलेली कड आठवड्याभरात झिपरी होते. आणि प्रत्येक फूल हलकेच ओढलं. कृत्रिम फुलाचं डोकं बहुतेक वेळा देठाच्या टोकावरच्या प्लास्टिकच्या खुंटीवर नुसतं दाबून बसवलेलं असतं. दोन डोकी हातात आली. दुकानातच आली हे नशीब.

रंगाचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आमची अर्धी फजिती झाली. हिचा पोशाख मोतिया. त्याचा कापडाचा तुकडा बरोबर नेला होता. दुकानातल्या दिव्याखाली एक पांढरा बुके त्याच्याशी अगदी जुळला, खिडकीशी नेला तर निळसर. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, हे कपडे घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, फुलांच्या बाबतीत आठवत नाही इतकंच. शिवाय पांढऱ्याशुभ्र पॉलिएस्टरमध्ये बहुधा उजळपणा आणणारं रसायन असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतं. आम्ही क्रीम निवडून शहाणपणा केला, पण मध्ये भरीला म्हणून शुभ्र कळ्या होत्या, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. रात्री नाचाच्या वेळी जांभळे दिवे लागले आणि त्या कळ्या काजव्यांसारख्या पेटल्या. तीन फोटोंत नवरा-नवरी अंधारात आणि मध्ये निळी नक्षत्रं. मित्रांना अजून तेच फोटो आवडतात. फोनचा फ्लॅश मारूनही एक फोटो दुकानातच काढून पाहा. पॉलिएस्टरची चमक डोळ्यांना लपते, फ्लॅशला नाही.

आकार २२ सेंटिमीटर. दुकानदार ३० चा घ्या म्हणत होता, ‘उठून दिसतो’ म्हणून. दिसला असता, हिच्याऐवजी तोच. आरशासमोर धरून पाहिल्यावर वाद मिटला. एक सूचना मात्र करतो. घाबरलेला माणूस बुके छातीशी धरतो आणि निम्मा पोशाख झाकतो. कोपर सैल, मनगटं कमरेच्या हाडाशी, मूठ बेंबीच्या आसपास. आम्ही घरी सराव केला. हो, हसा.

मूठ पुन्हा बांधून घेतली. तारांची टोकं खाली उघडी होती, ती कापून टेप गुंडाळली. फुलकामाची टेप ताणल्यावरच चिकटते. मी आधी न ताणता गुंडाळत बसलो आणि ती नुसतीच उलगडत राहिली. वर सॅटिनची रिबन. सॅटिन सुंदर आणि निसरडं, घामेजल्या हातात हळूहळू खाली सरकतं, म्हणून टाचण्या लावल्या. टाचणी तिरकी, वरच्या दिशेनं, देठांच्या आत जाईल अशी. आडवी लावली तर टोक पलीकडून बाहेर येतं आणि ते कोणाच्या तळहातात शिरणार हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात चांगली युक्ती हिची. लग्नाच्या सकाळी तिनं प्लास्टिकची पानं उपटली आणि निलगिरीच्या खऱ्या, धुतलेल्या फांद्या खोचल्या. पानांना पराग नसतो, हिला त्रास झाला नाही. पण तो मंद वास आणि पानांची थोडी बेशिस्त यामुळे सगळा बुके खरा झाला. दोन पाहुण्यांनी फुलं हुंगली आणि ‘वा’ म्हणाले. आम्ही खुलासा केला नाही.

त्याच सकाळचा अपघातही सांगायला हवा. बुके आदल्या रात्रीच गाडीत, मागच्या काचेशी ठेवला होता, विसरायला नको म्हणून. सकाळी उशीर झाला, गाडी उन्हात तापली. ग्लू गनचा गोंद उष्णतेनंच वितळतो, तसाच तो उष्णतेनं मऊही पडतो. एक गुलाब मान टाकून बसला होता, दुसरा सीटवर. पाच मिनिटांत तारेनं बांधले, पण ती पाच मिनिटं मी विसरणार नाही.

आता नंतरचं. पॉलिएस्टरला स्थिर वीज धरते आणि ती धूळ ओढते, पाकळीच्या आतल्या वळणावर तर पहिल्याच महिन्यात राखाडी छटा आली. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून लांबून वारा द्यायचा आणि मग मेकअपचा मऊ, कोरा ब्रश फिरवायचा, हे जमलं. मिठाचा प्रयोग करू नका असं माझं मत. फुलं कागदी पिशवीत जाड्या मिठाबरोबर हलवायची, मीठ धूळ घेऊन येतं, असं सांगतात. धूळ आली खरी, पण पिओनीच्या पोटात खडे अडकले ते महिनाभर टेबलावर पडत राहिले, आणि एका तारेला उघड्या टोकाशी गंज धरला. पाण्यात बुडवणं तर नकोच. काही कापडांना आकार येतो तो कांजीसारख्या थरामुळे, तो धुऊन गेला की फूल लोंबतं. एकदा वासासाठी परफ्यूम मारला, त्याचं पिवळसर वर्तुळ एका पाकळीवर कायम आहे.

रंगही उडतोय. बुके खिडकीजवळ होता. काच ऊन अडवते असं मी धरून चाललो होतो, पण साध्या काचेतून अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतोच. सहाव्या महिन्यात पाहिलं तर खिडकीकडचे गुलाब जवळजवळ क्रीम. तेव्हापासून तो आतल्या भिंतीशी आहे.

खोक्यावर ‘पर्यावरणस्नेही’ असा शिक्का होता. पाण्याच्या बाटलीचं आणि या पाकळ्यांचं पॉलिएस्टर एकाच जातीचं, ते कुजत नाही. एका दिवसासाठी आणून माळ्यावर टाकायचा असेल तर या शिक्क्याला काही अर्थ नाही. आमचा बुके मामेबहीण तिच्या लग्नाला घेऊन गेली. रिबन बदलली, शुभ्र कळ्या मी आधीच काढून दिल्या होत्या आणि फिकट बाजू तिनं मुद्दाम पुढे धरली, कारण तिच्या पोशाखाला तोच रंग हवा होता. परत आला तो मुठीजवळ जरा कलता होऊन, बाकी धडधाकट. आता तिच्या मैत्रिणीनं मागितलाय. देतोय, पण गाडीत तो मांडीवर घेऊन बसायचा, या अटीवर.