गणपती पेठेतलं भाड्याचं वन बीएचके: दहा महिन्यांनंतर, मीटरच्या लाल दिव्यासकट

परवा घरमालकांनी नव्या कराराचा विषय काढला आणि साडेआठ हजारांचं भाडं थेट साडेनऊ सांगितलं, म्हणून लिहायला बसलो. सांगली, गणपती पेठ, दुसरा मजला. खोल्या जशा असतात तशाच आहेत.

सुरुवातीला मी लांबच्या विश्रामबाग भागातल्या मित्रांना चिडवायचो. इथं भाजी, किराणा, एसटी स्टँड सगळं चालत जाण्याइतकं जवळ. गाडीला आठवड्याला शंभरचं पेट्रोल पुरतं. सकाळी पोती उतरवणाऱ्या टेम्पोंचा दणका असतो, पण त्यामुळं गजर लावावा लागत नाही. जिन्यात २०१९ च्या महापुराची रेघ अजून आहे. त्या वेळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोका पातळी ४५ फुटांची, त्यामुळं पावसाळ्यात चहाआधी पातळी बघायची सवय मलाही लागली. दुसरा मजला म्हणून झोप लागते, एवढंच.

आता मीटर. इमारतीला महावितरणचं एकच मीटर, आम्हा भाडेकरूंना सबमीटर, युनिटला ११ रुपये. स्वतंत्र मीटर असतं तर शंभर युनिटांच्या आतला स्वस्त दर मिळाला असता. इथं सगळ्यांची बेरीज होऊन वरचा दर लागतो. हे कळूनच सही केली होती, त्यामुळं तक्रार नाही. पण मी एकटा, फ्रिज लहान, एसी नाही, तरी महिन्याला शंभरच्या वर युनिटं?

माझ्या सबमीटरवर लिहिलंय, ३२०० वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. एका रविवारी सगळं बंद केलं, हजार वॅटची इस्त्री लावली आणि घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला ५३. हिशेबही तेवढाच येतो, म्हणजे मीटर चोख. इस्त्री काढली, मेन स्विच पाडला. दिवा तरी लुकलुकतोय! खाली गेलो तर पाण्याची मोटर चालू. मोटर थांबली, दिवाही थांबला. अख्ख्या इमारतीच्या टाकीत पाणी माझ्या मीटरवर चढत होतं.

हा परिच्छेद आधी फार तिखट लिहिला होता, तो खोडला. कारण घरमालक काकांना दाखवल्यावर ते स्वतःच चक्रावले. "आधीच्या वायरमननं जोडलं असंल, मला काय ठावं?" मला ते खरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी वायर वेगळी करून दिली. पुढच्या महिन्यात माझी युनिटं तीसनं घटली, म्हणजे ३३० रुपये. मग मागच्या महिन्यांचं काय? "मागचं मागं राहू दे की." इथं मात्र मी अडून बसलो. तीन महिन्यांवर तडजोड झाली.

नवीन येणाऱ्यांनी एवढं करा: करार नोंदवून घ्या, भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. आणि डिपॉझिट देण्याआधी मेन स्विच पाडून, मोटर चालू असताना दिवा बघा.

भाडं नऊ हजारांवर ठरलं, राहतोय. मोटरचे तीन महिन्यांचे ९९० होत होते, काकूंनी हजाराची रक्कम हातात ठेवली आणि वरचे दहा सुट्टे मागून घेतले.